मैदानाचं आरक्षण उठतंय? आधी फाइल कुणी हलवली ते बघा

नगररचनेच्या कचेरीत मी एकतीस वर्षं आरेखक होतो. विकास आराखड्यात, म्हणजे कुठली जमीन कशासाठी राखून ठेवायची ते दाखवणाऱ्या शहराच्या नकाशात, मैदानाला हिरवा रंग मी भरायचो, आणि वरून पत्र आलं की तोच तुकडा मीच पिवळा, म्हणजे रहिवासी, करायचो. निवृत्त झाल्यापासून सोसायटीवाले, शाळेतले पालक मैदानाचं आरक्षण उठवण्याच्या वर्तमानपत्रातल्या नोटिशीचं कात्रण घेऊन घरी येतात. "काका, मंत्र्यानंच करून घेतलंय हे. काय करायचं?"

माझं उत्तर ठरलेलं. हरकतीत मंत्र्याचं नाव लिहू नका, आधी कलम शोधा.

कलम म्हणजे एमआरटीपी कायद्याचं, १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तर तो कलम ३७ खाली होतो, आणि तिथं तीन वाटा आहेत. महापालिका स्वतःहून प्रस्ताव करते, ती पहिली. राज्य सरकार महापालिकेला 'फेरबदलाची कार्यवाही करा' असे निर्देश देतं, ती दुसरी. महापालिकेनं साठ दिवसांत नोटीस काढायची, नाही काढली तर सरकार काढतं. तिसरी वाट ३७(१कक) ची. सार्वजनिक हितासाठी तातडीची गरज आहे असं म्हणून सरकार स्वतःच नोटीस काढतं आणि स्वतःच मंजुरी देतं. कोणती वाट आहे ते नोटिशीतच लिहिलेलं असतं, पण लोक सर्व्हे नंबर बघतात आणि कात्रण घडी करून ठेवतात.

वाट ओळखण्यात चूक झाली की काय होतं ते मी स्वतः भोगलंय. निवृत्तीनंतरचं माझं पहिलंच प्रकरण. साठ-सत्तर सह्यांची हरकत मी त्या लोकांना महापालिकेच्या आवक खिडकीत द्यायला लावली. नोटीस (१कक) ची होती. हरकती विभागीय सहसंचालक, नगर रचना यांच्याकडे द्यायच्या होत्या. चष्मा कपाळावर ठेवून वाचलं होतं मी, दुसरं काय. महिना उलटला आणि आमचा गठ्ठा भलत्याच कपाटात.

मुदत नोटिशीपासून एक महिन्याची. माहिती अधिकाराचं उत्तर यायलाही तीस दिवस लागतात. म्हणून कागद हातात आल्यावर हरकत घेऊ, असं म्हणत बसू नका. साधी हरकत आधी टाका आणि शेवटी एक ओळ घाला : "संबंधित नस्तीची कागदपत्रे मिळाल्यावर पुरवणी निवेदन सादर करण्याचा हक्क राखून." नस्ती म्हणजे फाइल. पोच घ्या. आवक क्रमांक आणि तारीख नसलेला शिक्का म्हणजे पोच नव्हे.

मग माहिती अधिकाराचे दोन अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एक महापालिकेत, दुसरा मंत्रालयात नगर विकास विभागाला. नोटिशीत 'टीपीएस-' नं सुरू होणारा लांबलचक क्रमांक असतो, त्याच्या शेपटीला 'नवि-१३' असं काहीतरी असतं. ते कार्यासनाचं, म्हणजे फाइल सांभाळणाऱ्या टेबलाचं नाव. तो अख्खा क्रमांक अर्जात उतरवा, नाहीतर अर्ज टेबलाटेबलावर फिरत राहतो. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. नुसतं 'पत्रव्यवहार' मागू नका, 'टिप्पणी भागासह संपूर्ण नस्ती' मागा. महापालिकेत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख बघायला मिळतात. तेही करा, महिन्याच्या मुदतीत तेवढंच हाताशी असतं.

आता फाइल कशी वाचायची ते सांगतो. फाइलला दोन बाजू. एकीकडे आलेली-गेलेली पत्रं (प.वि.), दुसरीकडे टिप्पण्या (टि.वि.). खरी गोष्ट टिप्पणीत. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव असं एकाखाली एक लिहीत जातात आणि प्रत्येकाच्या सहीखाली तारीख असते. कोरा कागद घ्या आणि फक्त तारखा उतरवा. जमीनमालकाचा अर्ज कधी आला, तो महापालिकेत आला की थेट मंत्रालयात, महापालिकेचा अभिप्राय कधी मागवला, नगर रचना संचालकांचा कधी. अभिप्राय येण्याआधीच निर्देशाचा मसुदा मंजूर झालेला दिसला, तर तेच तुमच्या हरकतीचं पहिलं पान.

जमीनमालकाच्या अर्जाच्या कोपऱ्यात मंत्र्याचा आडवा शेरा असेल तोही बघा. 'तपासून सादर करावे' किंवा 'नियमानुसार कार्यवाही करावी' हे निरुपद्रवी. मंत्री दिवसाला असे ढीगभर शेरे मारतात, त्यावरून आरोप केलात तर तुमचंच हसं होईल. पण 'सकारात्मक प्रस्ताव तात्काळ सादर करावा' असा शेरा दिसला तर थांबा. तिथं तपासणीआधीच उत्तर लिहून झालंय. आमच्या कचेरीत 'सकारात्मक' हा शब्द वाचून साहेब नुसतं चष्म्यावरून बघायचे आणि आम्ही पिवळी बाटली उघडायचो.

सरकारला निर्देश द्यायचा हक्क नाही असं मात्र लिहू नका, कारण तो आहे. कलम ३७ मध्ये आहे आणि कलम १५४ मध्येही आहे. महानगर विकास प्राधिकरणांच्या तर अध्यक्षपदीच मुख्यमंत्री नाहीतर नगरविकास मंत्री बसतात. 'स्वायत्त' शब्दाची इस्त्री तिथंच मोडते. वाद घालायचा तो वेगळ्या मुद्द्यावर : ज्याच्या डोक्यानं निर्णय व्हायला हवा होता, त्यानं डोकं वापरलं का?

यासाठी एक जुना निकाल पाठ करून ठेवा. अंधेरीत एका गृहस्थांना सिनेमागृह बांधायचं होतं. १९४७ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली आणि त्याच वर्षी काढून घेतली. रद्द करण्याच्या पत्रात, शासनाच्या निर्देशावरून कळवतो, अशा अर्थाचं वाक्य होतं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नियमानं हा अधिकार आयुक्तांचा आणि तो त्यांनीच वापरला पाहिजे; हा आदेश आयुक्तांचा नाहीच, सरकारचा आहे. कागदावर जे लिहिलंय त्यावरूनच तो वाचायचा, नंतर दिलेल्या खुलाशांवरून नाही. गोरधनदास भानजी प्रकरण म्हणतात त्याला. तुमच्या महापालिकेच्या प्रस्तावातही 'शासन निर्देशानुसार' याखेरीज दुसरं कारण नसेल, तर हा निकाल जोडा.

दुसरं प्रकरण पुण्याचं, प्रभात रस्त्याचं. प्राथमिक शाळेसाठी आरक्षित भूखंडावर तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या जावयांची बहुमजली इमारत उभी राहिली. उच्च न्यायालयाचा निकाल १९९९ चा, सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला २०११ मध्ये. बारा वर्षं गेली हे खरं, पण तो निकाल एकदा वाचाच. कुठल्या तारखेला कुणी काय टिपण लिहिलं, याचा न्यायालयानं पान पान हिशेब मांडलाय. फाइल कशी वाचावी याचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही.

महापालिकेचा ठरावही मागवा. २०२२ पासून कितीतरी महापालिकांत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून मुख्य सभेच्या वतीनं त्यालाच मंजुरी द्यायची. सही एकच, फक्त खालचं पदनाम बदलतं. त्या काळातला ठराव असेल तर दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून हरकतीला जोडा. टीका करू नका, सुनावणी घेणाऱ्याला दिसतं.

आता हरकतीचा मजकूर. 'मुलांनी खेळायचं कुठं?' हे शेवटी लिहा. आधी हे लिहा : "प्रस्तावित फेरबदलामुळे विकास योजनेचे स्वरूप बदलते, त्यामुळे तो कलम ३७ खाली करता येणार नाही." कलम ३७ फक्त योजनेचं स्वरूप न बदलणाऱ्या फेरबदलांसाठी आहे. वॉर्डातलं ते एकुलतं एक मैदान असेल, तर झोन दाखला (जागा आराखड्यात कशासाठी दाखवली आहे त्याचा) आणि आराखड्याचा भाग नकाशा जोडून तसं दाखवून द्या. पुढं स्वतः बाधित कसे ते लिहा. हरकत कुणीही घेऊ शकतो, पण कायद्यात वैयक्तिक नोटीस आणि सुनावणी आहे ती बाधितांना. "माझे घर या मैदानापासून ८० मीटरवर असून माझी मुलगी रोज तेथे खेळते" या ओळीनं सुनावणीत खुर्ची मिळते. शंभर झेरॉक्स हरकतींवर शंभर सह्या करण्यापेक्षा वेगवेगळ्या हस्ताक्षरातल्या दहा चांगल्या.

सुनावणीला दोन-तीन मिनिटंच मिळतात. तारखांचा तो कागद वर ठेवा आणि एवढंच विचारा, "संचालकांचा अभिप्राय कोणत्या तारखेचा, आणि निर्देश कोणत्या तारखेचे?" उत्तर आलं किंवा नाही आलं, तरी 'हा प्रश्न इतिवृत्तात घ्या' असं म्हणा आणि त्याच मजकुराचा लेखी कागद तिथल्या तिथं देऊन पोच घ्या. आतल्या टेबलावर माझ्यासारखाच कुणीतरी बसलेला असतो, तो तुमचा कागद मुकाट्यानं टॅग ओवून फाइलला लावतो.