अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध-सोयाबीन सोसत नसेल, तर आईने जेवायचं कसं

बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसले की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, अंगावरचं बंद करा. दुसरा म्हणतो, हिने वांगं खाल्लं असेल. दोघांचंही ऐकू नका. बालरोगतज्ज्ञांनी बाळ तपासून 'आईने दूध आणि सोयाबीन सोडून पाहा' म्हटलं असेल, तरच पुढचं वाचा. नुसती हिरवी शी, किंवा दिवसातून सात वेळा शी, म्हणजे ॲलर्जी नव्हे. आणि बाळाचे ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला किंवा एकसारख्या उलट्या होऊन ते मलूल पडलं, तर लगेच दवाखाना गाठा.

माझी दोन्ही लेकरं अशीच निघाली. म्हणून जे सांगते ते स्वयंपाकघरातलं आहे.

आधी दूध. आईने खाल्लेल्या दुधातल्या प्रथिनांचे बारीक अंश अंगावरच्या दुधात उतरतात, भानगड ती आहे. चहा, दही, ताक, पनीर, संत्रा बर्फी बंद, हे सांगायला नको. पण 'म्हशीचं चालते', 'शेळीचं हलकं असते', 'ए-टू गाईचं घ्या' हे सल्ले कानाआड करा. या सगळ्यांची प्रथिनं एकमेकांची सख्खी भावंडं आहेत. लॅक्टोज नसलेलं दूध घेऊनही उपयोग नाही, त्यातली साखर फोडलेली असते, प्रथिन जिथल्या तिथे. तुपावरून तर आमच्याकडे महायुद्ध झालं. लोणी कढवल्यावर तळाशी जी बेरी उरते, ती मी आईंना (माझ्या सासूबाईंना) दाखवली. दुधातली प्रथिनं तीच. तूप कितीही गाळलं तरी तिचा अंश राहू शकतो. चाचणीचे दिवस संपेपर्यंत वरणावर तूप नाही, फल्ली (शेंगदाणा) तेलाची फोडणी.

आता सोयाबीन. मी इथेच आपटले.

दूध पांढरं असतं, दिसतं. सोयाबीन दिसत नाही, आणि विदर्भात तर ते शेतापासून डब्यापर्यंत सगळीकडे आहे. मोठ्याच्या वेळी मी सोयाबीन वडी सोडली, तेल बदललं, बिस्किटं सोडली आणि निश्चिंत झाले. तीन आठवडे झाले तरी लंगोटात लाल धागे. मी रडकुंडीला येऊन एकेक भाजी सोडत गेले. आधी टमाटर, मग वांगं, मग तूरडाळ. शेवटी भात आणि पोळी एवढंच खात होते, आणि गुन्हेगार त्या पोळीतच होता. आमच्या घरी दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन टाकून दळायची वर्षानुवर्षांची पद्धत. ताकद येते म्हणून. कोणी लपवलं नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यात ते 'गव्हाचं पीठ' होतं, मी विचारलंही तसंच: "पिठात काही आहे का?" "काही नाही वो, गहूच आहे." म्हणून असं मोघम विचारू नका. दळणात काय काय टाकलं, ते एकेक नाव घेऊन विचारा.

पीठ बदललं तरी चक्की उरतेच. पुढचं दळण घेऊन गेले, तर चक्कीवाले भाऊ म्हणाले, "आत्ताच एकाचं सोयाबीन-गहू काढून राहिलो होतो ताई." जात्यात अडकलेलं आधीचं पीठ तुमच्या डब्यात पहिल्यांदा येतं. सकाळी चक्की उघडल्यावर पहिला नंबर लावा, आधी थोडी ज्वारी दळून घ्या आणि ते पीठ घरच्यांसाठी वेगळं ठेवा. बेसनही चणाडाळ नेऊन तिथेच, त्याच वेळी. जमत नसेल तर सरळ भाकरी-भातावर या.

गंमत अशी की लोक घाबरतात तेलाला. रिफाइंड सोयाबीन तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही आणि बहुतेक बाळांना ते चालतं. लाकडी घाण्यावर काढलेल्या तेलाचं तसं नाही. मी तरी नागपूरच्या इतवारी बाजारातून फल्ली तेल आणलं, एक शंका कमी.

पाकिटं उलटून वाचा. साहित्याच्या यादीजवळ 'कंटेन्स मिल्क, सोया' असा इशारा छापणं कायद्याने सक्तीचं आहे. 'व्हे', 'केसिन', 'मिल्क सॉलिड्स' म्हणजे दूधच. बाळंतिणीसाठी म्हणून विकत मिळणाऱ्या पावडरींचे डबे आधी वाचा, कित्येकांत दूध आणि सोया दोन्ही असतात. बेकरीच्या सुट्या टोस्ट-नानकटाईवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून ते नकोच.

खायचं काय? पोहे, पाटवडी, गोळा भात (कढी नको, चिंचेचं सार घ्या), घरचा सावजी रस्सा, अंडी, जवसाची चटणी. हळिवाची खीर नारळाच्या दुधात होते. लाडू खारीक, खोबरं, तीळ आणि गुळाच्या पाकाचे.

कॅल्शियमची गोळी डॉक्टरांना विचारून घ्याच. स्तनपान देणाऱ्या आईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. १०० ग्रॅम नाचणीतून साधारण ३५० मिळतं, म्हणजे नुसत्या भाकरीवर भागणार नाही. लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नका. ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाचंही विचारा. वरचं दूध द्यावं लागलंच, तर डब्याची निवड डॉक्टरांची. मनाने सोयाचा किंवा शेळीच्या दुधाचा डबा आणू नका.

दोन ते चार आठवडे थांबायचं. वहीत रोज दोन ओळी: काय खाल्लं, शी कशी झाली. एक पोळी चुकून खाल्ली तर सगळं वाया गेलं असं नाही, तारीख लिहा आणि पुढे चला.

फरक पडला की पुन्हा खाऊन बघायचंच, डॉक्टरांना विचारून. ही पायरी गाळणाऱ्या बाया वर्षभर उगाच उपाशी राहतात. आधी फक्त दूध, रोज थोडं वाढवत. आठवडाभर काही झालं नाही तर मग सोयाबीन. दोन्ही एकदम नको. माझ्या धाकटीला सोयाबीन चाललं, दुधाच्या चहाने मात्र तिसऱ्या दिवशी धागे परत आले. आणि हा आठवडा पोळा किंवा महालक्ष्म्यांच्या तोंडावर ठेवू नका. पुरणपोळीवरचं तूप, प्रसादाचा पेढा, शेजारची आंबील, यातल्या कशाने काय झालं ते तुमच्या वहीलाही सांगता येणार नाही.