पावसात टिकणाऱ्या लाकडी ओट्यासाठी साहित्य कसे निवडावे

गडचिरोली-गोंदियाकडे वर्षाला १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याआधीच्या उन्हाळ्यात फळ्या तापून चिरा पडतात. म्हणून घरापुढच्या उघड्या ओट्याचे लाकूड ऊन आणि ओल दोन्ही सोसणारे हवे.

प्रथम जात ठरवावी. सागवान आणि बिजा ही आपल्याकडची भरवशाची लाकडे आहेत; आंबा आणि काटेसावर स्वस्त मिळाली तरी उघड्यावर वापरू नयेत. मात्र नुसते ‘सागवान’ ऐकून पैसे मोजू नयेत, कारण टिकतो तो गाभा. फळीचे टोक ओल्या फडक्याने पुसून पाहावे, म्हणजे तपकिरी गाभा आणि कडेचा फिकट पट्टा वेगळे दिसतात. हा फिकट भाग सागाचा असला तरी वाळवी आणि बुरशी त्याला सोडत नाहीत. कोवळ्या झाडाच्या लाकडात तो जास्त असतो, म्हणून अशी फळी मी तरी परत करतो.

बांबू छपराखालीच शोभतो. बोरॅक्स व बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया केलेली असली, तरी उघड्यावर ती औषधे पावसाने धुऊन जातात.

यानंतर खांबांचा विचार करावा, आणि तो सर्वांत काळजीपूर्वक करावा. माझ्या पहिल्या ओट्याचे खांब मी थेट मातीत गाडले होते. वरून ते धडधाकट दिसत, पण तिसऱ्या पावसाळ्यानंतर जमिनीलगत पेचकस टोचला तेव्हा तो भिजलेल्या भाकरीत शिरावा तसा आत गेला. खांब काळ्या दगडाच्या किंवा काँक्रीटच्या बैठकीवर, जमिनीपासून किमान वीतभर उंच ठेवावा आणि खालून वारा खेळता राहू द्यावा. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत, कारण साध्या खिळ्याभोवती लाकूड काळे पडते आणि पुढे खिळाही गंजून सैल होतो. मे महिन्यात ठोकलेली कोरडी फळी श्रावणात फुगते, यासाठी दोन फळ्यांमध्ये ५ ते ६ मिलिमीटरची फट सोडावी.

शेवटी बाहेरच्या वापराचे लाकडी तेल दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चोळावे. व्हार्निश उन्हाने सोलून निघते. तेल जवसाचे असेल, तर ते चोळलेले फडक्यांचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून मगच फेकावेत.