डेलिलीला फुलं कमी येऊ लागली, तर आधी गड्डा विभागा

डेलिलीचं एक फूल एकच दिवस टिकतं, पण दांड्यावर कळ्या अनेक असतात, म्हणून बहर काही आठवडे चालतो. हा बहर दरवर्षी घटत असेल तर खताची पिशवी उघडण्याआधी झाडाचा बुंधा पाहा. तीन ते पाच वर्षांत रोपांची इतकी दाटी होते की मुळांना जागाच उरत नाही.

फुलं संपल्यावर, कडक ऊन नसताना, अख्खा गड्डा खणून काढा. मुळांवरची माती पाण्यानं धुऊन टाका, म्हणजे जोड कुठे सुटतात ते दिसतं. शक्यतो हातानंच सोडवा. अडलं तरच धारदार सुरी. प्रत्येक भागाला दोन-तीन फुटवे आणि भरपूर मुळं हवीत. पानं वीतभर ठेवून बाकीची कापा. लावताना पानं आणि मुळं जिथे मिळतात तो भाग मातीखाली जेमतेम इंचभर राहू द्या. खोल लावलेलं रोप फुलायला कुरकुरतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त रोपं इथेच बिघडतात. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर, रोज सहा तास ऊन, पाण्याचा निचरा चांगला. रुजेपर्यंत माती ओलसर ठेवा.

बहरात सुकलेली फुलं रोज खुडा, नाहीतर झाडाची ताकद बिया धरण्यात जाते.

घरात मांजर असेल तर मात्र डेलिली लावूच नका. तिचा कुठलाही भाग खाल्ला तर मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.