महासागर ओलांडताना: नौकेवरील पाळ्या, झोप आणि दिनक्रम

शिडाच्या नौकेतून महासागर ओलांडायचा म्हटले की डोळ्यांसमोर आधी वादळे येतात. प्रत्यक्षात, ऋतू पाहून निघालेल्या नौकेला वादळापेक्षा अपुरी झोपच अधिक नडते. कॅनरी बेटांपासून कॅरिबियन बेटांपर्यंतचा मार्ग सुमारे २,७०० सागरी मैलांचा आहे. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेर सरत असल्याने बहुतेक नौका त्या सुमारास निघतात आणि व्यापारी वारे पाठीशी घेऊन साधारण तीन आठवड्यांत पैलतीर गाठतात. या काळात नौका रात्रंदिवस चालूच असते, म्हणून सगळी आखणी ‘कोण कधी झोपणार’ या प्रश्नापासून सुरू करावी.

तिघेजण असतील तर तीन तास पहारा आणि सहा तास सुटी ही पाळी सोयीची पडते. नऊ तासांचे हे चक्र २४ तासांत नेमके बसत नाही, आणि तेच बरे. कारण प्रत्येकाची वेळ रोज तीन तासांनी पुढे सरकते आणि मध्यरात्रीची पाळी कायम एकाच्याच वाट्याला येत नाही. पहिले तीन दिवस मात्र समुद्र लागण्याचे असतात. त्या दिवसांसाठी जेवण किनाऱ्यावरच शिजवून ठेवावे आणि मळमळीची गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी, कारण उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

पहाऱ्यावर असताना दर दहा मिनिटांनी उभे राहून क्षितिजावर चारी दिशांना नजर फिरवावी. समोरून १८ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जहाज येत असेल आणि आपला वेग ६ नॉट असेल, तर दोघांमधले चार सागरी मैलांचे अंतर बरोबर दहा मिनिटांत संपते. एआयएसच्या, म्हणजे जहाजांची जागा रेडिओवरून परस्परांना कळवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर जहाजे दिसतात हे खरे, पण ज्यांच्याकडे ते यंत्र नाही अशा होड्या त्यावर दिसत नाहीत.

पाळी बदलताना येणाऱ्याने दहा मिनिटे आधी उठावे, अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून लाल दिवाच वापरावा, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर असतानाच सुरक्षापट्ट्याचा आकडा अडकवून मग बाहेर पाऊल टाकावे. जाणाऱ्याने दिशा, वाऱ्यातील फरक आणि दिसलेले दिवे तोंडी सांगावेत. (अंधारात गार, ओले काहीतरी गालावर आपटले तर घाबरू नये, बहुधा तो उडता मासा असतो.)

झोपण्याचा बाक नौकेच्या मध्याजवळचा निवडावा, कारण तेथे हेलकावा सर्वांत कमी असतो. उघड्या बाजूला जाड कापड ताणून बांधले की गडगडण्याची भीती राहत नाही. शिडांचा निर्णयही झोपणाऱ्याच्या सोयीनेच घ्यावा. अंधार पडण्यापूर्वी, सगळे जागे असताना, मुख्य शीड एका टप्प्याने आखडून घ्यावे. थोडा वेग जातो, पण रात्री अचानक सर आली तर कोणाला अंथरुणातून ओढून काढावे लागत नाही. वारा मागून असताना बूमला, म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीला, पुढच्या बाजूने दोर बांधून ठेवावाच, नाहीतर सुकाणू जरा चुकले तरी बूम दुसऱ्या बाजूला झेपावते आणि वाटेत आलेल्या डोक्याची खैर नसते.

स्वयंपाकघरातली शेगडी झुलती असली तरी उकळत्या पाण्याचा भरवसा धरू नये. भांडी अर्धीच भरावीत आणि उकाडा असला तरी जलरोधक विजार घालूनच शिजवावे. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज तीन लिटर धरले तर तिघांना वीस दिवसांसाठी १८० लिटर पाणी लागते; त्यावर निम्मे जास्त घ्यावे आणि काही वेगळ्या डब्यांत ठेवावे, म्हणजे एक टाकी गळली तरी सारे जात नाही. भांडी समुद्राच्या पाण्याने धुवावीत.

रोज सकाळी डेकवर फेरी मारावी. शीड चढवण्याचा दोर डोलकाठीच्या टोकाला कप्पीवर एकाच जागी दिवसेंदिवस घासत राहतो. तो रोज काही सेंटीमीटर सरकवला की झीज विभागली जाते. डेकवर एखादी पिन किंवा स्क्रू पडलेला दिसला तर तो कोठून निखळला हे सापडेपर्यंत दुसरे काम हाती घेऊ नये.

पश्चिमेकडे जाताना दर १५ रेखांशांना घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते, आणि तो वाढीव तास कोणाच्या पाळीत यावा यावरून चांगल्या मित्रांतही कुरबुर होते. तिन्ही पाळ्यांत वीस-वीस मिनिटे वाटून टाकावीत.