सैन्यातून निवृत्त झाल्यावर पुण्यात आयटीची नोकरी कशी मिळवावी

खडकी, देहूरोड, दिघी, लोहगाव या भागांत स्थायिक होणाऱ्या अनेक माजी सैनिकांची उमेदीची वर्षे टेलिफोन एक्स्चेंज, रेडिओ लिंक, सर्व्हर किंवा युनिटचे संगणक सांभाळण्यात गेलेली असतात. तरीही घरी आल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रस्ताव येतो तो बहुधा सुरक्षारक्षकाच्या कामाचा. ते काम कमी प्रतीचे नाही. परंतु ज्याने रात्री-अपरात्री तुटलेली लिंक पुन्हा उभी केली आहे, त्याने आधी आयटी क्षेत्रात नेटाने प्रयत्न करून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

सर्वप्रथम कामाचा प्रकार ठरवावा. आयटी म्हणजे प्रोग्रॅमिंग, असे समजून अनेकजण मोठी फी भरून कोडिंगचा क्लास लावतात आणि नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांच्या रांगेत जाऊन उभे राहतात. सिग्नल्स, ईएमई (सैन्याची इलेक्ट्रॉनिक्स व यांत्रिक दुरुस्ती शाखा) किंवा हवाईदल-नौदलातील तांत्रिक ट्रेडच्या माणसाला नेटवर्क देखरेख, सर्व्हर सपोर्ट, डेटा सेंटर आणि सायबर सुरक्षेची देखरेख ही कामे जास्त जवळची आहेत. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कंपन्यांत ही कामे अनेकदा चोवीस तास पाळ्यांमध्ये चालतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि सिस्टिमचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) 180 दिवस जपावे लागतात. त्यामुळे रात्रीच्या पाळीतही सजग राहून प्रत्येक गोष्टीची वेळेसह नोंद ठेवणारा माणूस तेथे उपयोगी पडतो.

तयारी सेवेत असतानाच सुरू करावी. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या (डीजीआर) अभ्यासक्रमांसाठी युनिटमार्फत अर्ज करता येतो, म्हणून निवृत्तीच्या बऱ्याच आधी युनिटमध्ये चौकशी करावी. प्रमाणपत्र एकच घ्यावे, पण पक्के घ्यावे. नेटवर्ककडे जायचे असल्यास सिस्कोचे सीसीएनए आणि सर्व्हरकडे जायचे असल्यास रेड हॅटचे आरएचसीएसए योग्य ठरेल. दुसऱ्या परीक्षेत प्रत्यक्ष सिस्टिमवर काम करून दाखवावे लागते, त्यामुळे तिच्या तयारीत हात बसतो. दोन्ही प्रमाणपत्रांची मुदत 3 वर्षे असल्याने ती फार आधी घेऊन ठेवू नयेत. 15 वर्षांच्या सेवेनंतर मिळणारे पदवी-समकक्ष प्रमाणपत्र गट क च्या सरकारी पदांसाठी उपयोगी आहे, मात्र खासगी कंपनी ते मानेलच असे नाही. ज्यांच्याकडे पदवी नाही त्यांनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूमधून ती सेवेतच पूर्ण करावी.

पुण्यात आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि आपापल्या दलाच्या प्लेसमेंट संस्थेत नाव नोंदवावे. त्यावर विसंबून मात्र राहू नये. आपल्याच ट्रेडचे जे सहकारी आधी आयटीत गेले आहेत त्यांना फोन करावा; त्यांनी कंपनीत रेफरल दिल्यास, म्हणजे तुमचे नाव सुचवल्यास, बायोडेटा वाचला जाण्याची शक्यता वाढते.

बायोडेटावर सर्वाधिक मेहनत घ्यावी. ‘सिग्नल रेजिमेंटमध्ये हवालदार, ऑपरेटर म्हणून 17 वर्षे सेवा’ एवढ्यावरून एचआरला काहीच बोध होत नाही. त्याऐवजी ‘चोवीस तास चालणाऱ्या नेटवर्कची देखरेख, बिघाडाचे निदान व दुरुस्ती, पाळी बदलताना लेखी हस्तांतर, सहा जणांच्या तुकडीचे नेतृत्व व प्रशिक्षण’ असे लिहावे. जबाबदारी सांगावी, यंत्रणा सांगू नये. युनिटचे ठिकाण, उपकरणांची नावे, फ्रिक्वेन्सी, नेटवर्कची रचना यांतले काहीही बायोडेटात किंवा मुलाखतीत येता कामा नये. शासकीय गुपिते अधिनियम, 1923 निवृत्तीनंतरही लागू राहतो.

मुलाखतीत आपल्या सवयीने ‘आम्ही केले’ असे उत्तर येते, आणि समोरच्याला तर तुम्ही स्वतः काय केले हे हवे असते. लिंक बंद पडली तर काय कराल, असे विचारल्यास क्रमाने सांगावे: आधी वीज आणि पोर्टचा दिवा पाहीन, मग केबल बदलून पाहीन, गेटवेला पिंग करीन, अलीकडे कोणी काही बदल केला का हे तपासेन, आणि ठरलेल्या वेळेत दुरुस्त झाले नाही तर वरिष्ठांना कळवून तिकिटावर (बिघाडाच्या तक्रारीच्या नोंदीवर) नोंद करीन. असे उत्तर देणाऱ्याचे इंग्रजी थोडे अडखळले तरी सहसा बिघडत नाही.

पैसे घेऊन नोकरी किंवा अनुभवाचे खोटे पत्र देणाऱ्यांपासून कटाक्षाने दूर राहावे, कारण पार्श्वभूमी पडताळणीत खोटे पत्र उघडकीस आले की मिळालेली नोकरीही जाते. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि ट्रेडची प्रमाणपत्रे स्कॅन करून ठेवावीत. फॉर्ममध्ये यूएएन (भविष्य निर्वाह निधी खात्याचा कायमचा क्रमांक) मागितल्यास गोंधळू नये. सैन्यातील भविष्य निर्वाह निधी ईपीएफओकडे (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे) नसतो, त्यामुळे ही पहिलीच ईपीएफ नोकरी असल्यास तसे कळवावे आणि नवा क्रमांक काढून घ्यावा.

पगाराच्या बोलणीत सीटीसीच्या (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाच्या) आकड्यावर जाऊ नये. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी आणि बदलता भत्ता धरलेला असू शकतो, म्हणून हातात दरमहा किती येणार ते विचारावे. खासगी नोकरीत सेवा-पेन्शन चालूच राहते, पण पगारासह तिच्यावरही कर लागतो, याचा हिशेब आधीच करावा. ‘तुम्हाला पेन्शन आहेच’ असे म्हणून कोणी पगार कमी करू लागल्यास नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा. पाळीचे काम असेल तर दिघीहून हिंजवडीला रात्री जाण्या-येण्यासाठी कंपनीची गाडी मिळणार की नाही, हे ऑफर स्वीकारण्यापूर्वी ईमेलवर लेखी घ्यावे.