वाल्तेल्लिनाची लाल वाइन : या चुका टाळा, निदान माझ्यासमोर तरी

जून लागला की मिलानमधल्या आमच्या घरी पाहुण्यांची रीघ सुरू होते. वाल्तेल्लिनातल्या तिरानोहून स्वित्झर्लंडला जाणारी ती लाल रेल्वे प्रत्येकाच्या यादीत असतेच, त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा तरी माझी वाल्तेल्लिनाची फेरी होते. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती येताना विकत घेतलेल्या बाटल्यांची पुढे जी दशा होते त्याबद्दल. तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी थोडं वाइनबद्दल. वाल्तेल्लिना म्हणजे इटलीच्या उत्तर टोकाला आद्दा नदीचं खोरं. आल्प्समधली बरीच खोरी उत्तर-दक्षिण धावतात, हे पूर्व-पश्चिम आहे. त्यामुळे नदीच्या उत्तरेकडचा डोंगर दिवसभर उन्हाकडे तोंड करून बसलेला असतो आणि द्राक्षं लावली आहेत ती त्याच उतारावर. लावली आहेत म्हणजे अक्षरशः टांगली आहेत. दगडावर दगड रचून बांध घातलेत, चुना नाही की सिमेंट नाही. कोकणात ज्याला गडगा म्हणतात, तोच प्रकार. सगळे बांध एकापुढे एक ठेवले तर अडीच हजार किलोमीटर भरतील असं तिथे सांगतात. गडगे रचण्याची ही कला २०१८ मध्ये इटलीसह आठ देशांच्या नावावर युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. मी नाशिककडची, द्राक्षबागा बघतच वाढले, पण या बांधांवर ट्रॅक्टर जाऊच शकत नाही हे पाहून तोंडात बोटं घातली होती. हेक्टरी हजाराहून जास्त तास हाताने काम. काही ठिकाणी तर तोडलेली द्राक्षं हेलिकॉप्टरने खाली आणतात.

द्राक्ष नेब्बिओलो, म्हणजे बारोलो ही इटलीची नावाजलेली, भरदार लाल वाइन ज्याची होते तेच. इथे त्याला क्यावेन्नास्का म्हणतात. बाटलीवर ‘नेब्बिओलो’ शोधत बसणारे लोक दुकानातून रिकाम्या हाताने परततात. ‘वाल्तेल्लिना सुपेरिओरे’ एवढं वाचा, पुरे.

डिकी

ही चूक माझी स्वतःची, म्हणून सविस्तर सांगते.

सात-आठ वर्षांपूर्वीचा जुलै. मोठे दीर आणि जाऊबाई पुण्याहून आले होते. आम्ही भल्या सकाळी गाडीने निघालो, वाल्तेल्लिनातल्याच सोंद्रिओ गावाजवळच्या एका वाइनच्या तळघरातून सहा बाटल्या घेतल्या. तळघरात इतका गारवा होता की जाऊबाईंनी ओढणी डोक्यावरून घेतली. बाटल्या खोक्यात घालून डिकीत ठेवल्या, तिरानोला गाडी उन्हात लावली आणि लाल रेल्वेत बसलो. ती गाडी तिरानोहून चढत चढत बेर्निना घाटात २२५३ मीटरपर्यंत जाते आणि पलीकडे सेंट मॉरिट्झला उतरते, सुमारे अडीच तासांत. वर बर्फ, गार वारा, चॉकलेट, फोटो. परत यायला संध्याकाळचे सात वाजले.

डिकी उघडली तर आंबटगोड वास आला. दोन बाटल्यांच्या गळ्याखाली चिकट ओघळ होते. उरलेल्या चार वरून ठीक दिसत होत्या, पण बुचावरच्या टोपणावरून अंगठा फिरवला तर मध्यभागी टेंगूळ लागलं. उन्हाने तापून वाइन फुगली होती आणि बूच बाहेर ढकलत होती. मी तरी म्हटलं, बघू तर खरं. घरी जाऊन त्यातली एक उघडली. जिला वाळलेल्या गुलाबाचा आणि आंबट चेरीचा वास यायला हवा, तिला शिजवलेल्या मनुकांचा वास येत होता. चव अशी, की जॅमच्या बरणीत पाणी घालून विसळलं आहे. सहाच्या सहा बाटल्या वाया. दीर भले माणूस, म्हणाले, “चांगली आहे की!” त्यांना काय माहीत काय गेलं ते.

त्या दिवसापासून माझा नियम असा : आधी रेल्वे, मग खरेदी. सकाळीच घ्यायच्या असतील तर दुकानदाराला सांगायचं, संध्याकाळी नेतो, तोवर आत ठेवा. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. डिकीत थंड पिशवी ठेवणं, बाटल्यांभोवती ओले टॉवेल गुंडाळणं, हे सगळं मनाचं समाधान आहे.

याच चुकीची भारतातली आवृत्ती म्हणजे फ्रीजच्या डोक्यावर ठेवलेली बाटली. मी प्रेमाने नेऊन दिलेली सासेल्ला, म्हणजे वाल्तेल्लिनाचीच एक वाइन, एका नातेवाइकांकडे दोन उन्हाळे तिथेच उभी होती, शोभेला. फ्रीजच्या वर मागच्या बाजूने सतत ऊब येते. मला विचाराल तर घरात वाइन ठेवायला याहून वाईट जागा फक्त गॅसशेजारचा कट्टा. वेगळं कपाट वगैरे नसेल तर सरळ फ्रीजच्या आत ठेवा आणि काही महिन्यांत पिऊन टाका. विमानातून नेणार असाल तर हेही लक्षात असू द्या : भारतात माणशी दोन लिटरच करमुक्त आहे, म्हणजे पूर्ण बाटल्या दोनच. तिसरी घेऊन कस्टममध्ये गोड हसणारे पाहुणे मी पाहिले आहेत.

“रेड आहे ना, मग बाहेरच ठेवा”

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची, हे वाक्य कुणी पसरवलं ते माहीत नाही, पण ज्या खोल्या डोळ्यांसमोर ठेवून ते पहिल्यांदा म्हटलं गेलं त्या दगडी, थंड, हीटर नसलेल्या युरोपीय खोल्या होत्या. मे महिन्यातला पुण्याचा हॉल नव्हे. बत्तीस अंशांवर ओतलेल्या वाल्तेल्लिनामधून आधी अल्कोहोल नाकात जातं, मग काहीच येत नाही. सोळा ते अठरा अंश बरोबर. त्याहून फार गार केलीत तर तुरटपणा कच्ची सुपारी चघळल्यासारखा हिरड्यांना चिकटतो.

थर्मामीटर मी वापरत नाही. कुकर लावला की बाटली फ्रीजच्या दारात ठेवायची, पानं घेतली की काढायची. अर्धा-पाऊण तास होतोच. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. घाईघाईने ठेवतात, गप्पांत विसरतात आणि मग वाइनचा गोळा माझ्यापुढे आणून विचारतात, आता काय करायचं? खरोखरच घाई असेल तर बादलीत पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ. दहा-पंधरा मिनिटांत काम होतं.

“वहिनी, ह्यात पाणी घातलंय का हो?”

हा प्रश्न मला धाकट्या दिरांनी सोंद्रिओच्या एका खाणावळीत विचारला. तोही मोठ्या आवाजात. नशीब, मराठीत.

त्यांचा दोष नाही. लाल वाइन म्हणजे जांभळासारखी गडद, ग्लासाच्या पलीकडचं काही दिसू नये अशी, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. वाल्तेल्लिना ओतली तर ग्लासातून पलीकडचा हात दिसतो. रंग कोकम सरबताचा. चार-सहा वर्षं जुनी असेल तर कडेला विटकरी झाक. लोकांना वाटतं, फसवलं.

नेब्बिओलोच्या सालीत रंग मुळातच बेताचा, आणि जो आहे तो टिकाऊ नाही. लवकर लालचा विटकरी होतो. पण तुरटपणा आणि आंबटपणा भरपूर. म्हणजे दिसायला नाजूक, तोंडात खणखणीत. त्यात इथली जमीन उथळ आणि वाळूसारखी, काही ठिकाणी तर माती खालून टोपल्यांनी पाठीवर वाहून आणलेली. उंचावरच्या थंड रात्रींनी आंबटपणा टिकून राहतो. म्हणून ही बारोलोइतकी भरदार होत नाही, आणि व्हायलाही नको. “बारोलोची गरीब बहीण” म्हणणाऱ्यांना मी पुन्हा बोलवत नाही.

दिरांना मी त्या रात्री सांगितलं, रंग बघू नका, एक घोट घ्या, गिळा आणि मनात दहा अंक मोजा. सातव्या-आठव्या अंकाला त्यांच्या भुवया वर गेल्या. ही वाइन शेवटाला बोलते. पहिल्या घोटात निकाल देणाऱ्याला ती कधी कळत नाही, आणि नवशिक्यांची घाई नेमकी तिथेच असते : घोट घ्यायच्या आधी त्या वाइनला लोकांनी दिलेले गुण फोनवर बघतात, मग तितकेच गुण स्वतःही देतात.

बाकीच्या, पटापट

इन्फेर्नो म्हणजे नरक, म्हणून ती तिखट किंवा जहाल असेल असं समजून घेऊ नका. ते एका तापणाऱ्या, उभ्या चढाच्या भागाचं नाव आहे. सासेल्ला, ग्रुमेल्लो, वालजेल्ला, मारोज्जा हेही असेच भाग.

स्फोर्त्सातो ही वेगळी वाइन आहे, ‘जरा भारी सुपेरिओरे’ नव्हे. तोडलेली द्राक्षं हवेशीर जागी पसरून सुकवतात आणि डिसेंबर लागायच्या आधी गाळायला परवानगी नाही. अल्कोहोल किमान १४ टक्के. सुकवलेली द्राक्षं म्हणजे गोड वाइन असणार, हाही गैरसमज. ती कोरडी असते. गोड समजून श्रीखंडाबरोबर दिलेली मी पाहिली आहे आणि ते दृश्य विसरायचा प्रयत्न करते आहे.

पहिल्यांदाच घेताय तर रिझेर्वा घेऊ नका. सुपेरिओरे दोन वर्षं मुरवल्याशिवाय विकता येत नाही, रिझेर्वाला तीन. महाग बाटली आणायची आणि त्याच संध्याकाळी उघडून “कडक आहे” म्हणायचं, हे कशासाठी? रोस्सो दी वाल्तेल्लिना घ्या. साधी, स्वस्त, आजच पिता येणारी.

एका व्हिडिओत वाइन ‘मोकळी’ करायला मिक्सरमध्ये फिरवतात. मिक्सर चटणीसाठी असतो. तासभर आधी बूच काढा, ग्लासात थोडी ओता आणि वाट बघा.

जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ खाली बसतो.

ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. कपाटाचा किंवा भांडी घासायच्या साबणाचा वास येत असेल तर विसळा. मला वेड्यात काढतात, पण दहातल्या दोन “खराब” बाटल्या खरं तर खराब ग्लास असतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास ग्लास बदलूनही राहिला तर मात्र बूच बिघडलंय. ती बाटली परत करा, लाजू नका.

तिखटाचं काय

कोल्हापुरी रश्श्याबरोबर ही वाइन देऊ नका. हे मी हात जोडून सांगते. तिखटाने तुरटपणा दुप्पट लागतो, अल्कोहोल जिभेवर पेटतं आणि दोन्ही चांगल्या गोष्टी एकमेकींना मारतात. रश्श्याबरोबर ताक किंवा सोलकढी प्या.

तिथले लोक तिच्याबरोबर काय खातात ते बघा. ब्रेझाओला म्हणजे खारवून वाळवलेलं गोमांस, पातळ कापलेलं. किंवा पित्सोक्केरी. कुट्टूच्या पिठाच्या रुंद पट्ट्या, बटाटा आणि कोबीबरोबर उकडायच्या, थरांमध्ये कासेरा चीज घालायचं आणि वरून लसूण परतलेलं लोणी, तेही चमच्याने नाही, कढईने ओतल्यासारखं. तेल्यो गावच्या एका घरगुती खाणावळीत ते ताट समोर आलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, “एवढं तूप तर आपण पुरणपोळीवरही घेत नाही.” पण तो तुपटपणा आणि या वाइनचा आंबटपणा एकमेकांसाठीच केलेले आहेत. एक घास, एक घोट, तोंड पुन्हा स्वच्छ.

मग घरी मराठी जेवणाबरोबर काय? माझं उत्तर अळणी मटण. हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेलं, रस्सा व्हायच्या आधी मुलांसाठी जे बाजूला काढतात ते. थोडं जास्त काढा, वरून तूप सोडा आणि मोठ्यांनी घ्या. शाकाहारी असाल तर तुपात परतलेले मशरूम, मिरी जरा बेताने.

आणि जेवण झाल्यावर उरली तर ओतून टाकू नका, हे माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही, उघडी बाटली त्या शिळी समजतात. बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी कुकर लावताना बाहेर काढा. सुपेरिओरे दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा जास्तच चांगली लागते. तिसऱ्या दिवशीही ठीक असते. चौथ्या दिवशी मी ती मटणात घालते.