सेंट पीटर्स चौक आणि बॅसिलिका: आधी काय पाहावे, नंतर काय

व्हॅटिकनला जाणारे बहुतेक प्रवासी आधी सेंट पीटर्स चौकात रेंगाळतात, भरपूर छायाचित्रे काढतात आणि मग बॅसिलिकेच्या, म्हणजे संत पेत्राच्या नावाच्या भव्य चर्चच्या, रांगेकडे वळतात. हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चौक मोकळा आहे आणि एरवी तो सावकाश केव्हाही पाहता येतो. सुरक्षा तपासणीची रांग मात्र सूर्य वर येईल तशी लांबत जाते. बॅसिलिका सकाळी सातला उघडते. त्या सुमारास पोहोचणाऱ्याला जी गोष्ट काही मिनिटांत साधते, तिच्यासाठी अकरा वाजता उन्हात तास-दीड तास उभे राहावे लागू शकते.

वार निवडताना बुधवारची सकाळ टाळावी. पोप रोममध्ये असले की त्या दिवशी त्यांची सार्वजनिक भेट बहुधा चौकातच होते आणि ती संपेपर्यंत पर्यटकांना बॅसिलिकेत सोडत नाहीत. अर्थात पोपना पाहणे हाच हेतू असेल, तर बुधवारसारखा दिवस नाही; त्या भेटीचे प्रवेशपत्र विनामूल्य असते, ते विकत देऊ करणाऱ्यांच्या नादी लागू नये. रविवारी दुपारी बारा वाजता पोप राजवाड्याच्या खिडकीतून प्रार्थना सांगतात, तेव्हाही चौक भरून जातो.

मेट्रोच्या ए मार्गावरील ओत्ताव्हियानो स्थानकावरून चौक दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. मुख्य रेल्वे स्थानकाकडून येणारी ६४ क्रमांकाची बसही सोयीची आहे, फक्त तिच्यात पाकीट सांभाळावे. बॅसिलिकेत प्रवेश विनामूल्य असला, तरी पोशाखाचा नियम स्त्रीपुरुष दोघांनाही सारखाच लागू आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात अनेकांना दारातून परत फिरावे लागते ते याच कारणाने, म्हणून पिशवीत एखादी ओढणी असू द्यावी. चाकू किंवा तत्सम धारदार वस्तू तपासणीतून पुढे जात नाहीत. आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. मायकेलअँजेलोने रंगवलेले प्रसिद्ध छत असलेले सिस्टीन चॅपेल (प्रार्थनागृह) या बॅसिलिकेतून पाहता येत नाही. ते व्हॅटिकन संग्रहालयांचा भाग असून त्यांचे प्रवेशद्वार तटबंदीला वळसा घालून गेल्यावर लागते आणि तिकीटही वेगळे असते.

पायांत बळ असेल तर आत शिरल्यावर प्रथम घुमटाकडे वळावे. याचे तिकीट काढावे लागते. एकूण ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट फक्त छतापर्यंत नेते आणि पुढच्या ३२० पायऱ्या सर्वांना चढाव्याच लागतात. या चढाईतला सर्वांत मोलाचा टप्पा शिखराचा नसून घुमटाच्या आतील सज्जाचा आहे, असे मला वाटते. खालून जी कुंचल्याने रंगवलेली चित्रे वाटतात, ती येथे हाताच्या अंतरावर आल्यावर काचेच्या रंगीत तुकड्यांची बनलेली दिसतात. तुकडे चांगले ठसठशीत आहेत आणि त्यांच्यातल्या फटीही लपत नाहीत. घुमटाच्या दोन कवचांमधून पुढे जाणारी वाट मात्र अरुंद आणि तिरकी आहे, शेवटच्या गोल जिन्यात तर आधाराला दोर धरावा लागतो. बंदिस्त जागेत ज्यांचा जीव घाबरा होतो, त्यांनी छतावरच थांबावे.

बॅसिलिकेच्या अंतर्भागात डोळे फसतात, हे ध्यानात ठेवून पाहिले तरच तिचा आकार उमगतो. दर्शनी भागाजवळ खांबांच्या पायथ्याशी पवित्र पाण्याची संगमरवरी पात्रे आहेत आणि ती देवदूत-बालकांनी उचलून धरली आहेत. दारातून ही बालके खऱ्या तान्ह्या मुलांएवढी वाटतात, पण जवळ जाऊन उभे राहिल्यावर ती प्रौढ माणसाहून उंच निघतात. घुमटाखाली सोनेरी पट्टीवरची लॅटिन अक्षरेही सुमारे दोन मीटर उंचीची आहेत. मधल्या वाटेच्या फरशीत जगातील इतर मोठ्या चर्चची नावे धातूच्या अक्षरांत बसवलेली आहेत; ज्या जागी नाव आहे, तेथपर्यंतच त्या चर्चची लांबी पुरली असती, असा त्याचा अर्थ. हा थोडासा बडेजावच आहे, पण येथील जवळपास १८६ मीटर लांबीची कल्पना त्यावाचून येत नाही.

उजवीकडच्या पहिल्याच चॅपेलमध्ये मायकेलअँजेलोची ‘पिएता’ आहे, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या त्याच्या आईचे, मारियेचे, संगमरवरी शिल्प. ऐन पंचविशीच्या आत त्याने ती घडवली आणि मारियेच्या छातीवरच्या पट्ट्यावर आपले नाव कोरले. १९७२ मध्ये एका माणसाने तिच्यावर हातोडा चालवल्यापासून ती काचेआड आहे. त्यामुळे गर्दी होण्यापूर्वी, तिच्यासमोर जागा असतानाच तिला वेळ द्यावा. पुढे घुमटाखाली शिल्पकार आणि वास्तुकार बर्निनीचे कांस्य छत्र आहे, सुमारे २९ मीटर उंच. त्याखालच्या वेदीवर पोप मिस्सा (ख्रिस्ती उपासनाविधी) अर्पण करतात आणि तिच्या खाली येशूचा शिष्य संत पेत्र याची कबर असल्याची श्रद्धा आहे. वाटेत उजवीकडे संत पेत्राचा कांस्य पुतळा लागतो, त्याचे उजवे पाऊल शतकानुशतकांच्या स्पर्शाने गुळगुळीत झाले आहे. मिस्सा चालू असेल त्या भागात छायाचित्रे घेत फिरू नये. कबरीभोवतीचे प्राचीन दफनस्थळ पाहायचे असल्यास उत्खनन कार्यालयाकडे बरेच आधी अर्ज करावा लागतो.

आता चौक. १६५६ ते १६६७ या काळात पोप सातवे अलेक्झांडर यांच्यासाठी बर्निनीने तो रचला. २८४ खांबांच्या चार ओळी दोन्ही बाजूंनी वळत येतात आणि माथ्यावर संतांचे १४० पुतळे आहेत. मधला इजिप्शियन स्तंभ रोमन सम्राट कॅलिग्युलाने आणवला. १५८६ मध्ये वास्तुकार दोमेनिको फोंतानाने सुमारे ९०० माणसे आणि अनेक घोडे जुंपून तो आजच्या जागी उभा केला. हा स्तंभ आणि कारंजे यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना, जमिनीत एकेक गोल दगड बसवलेला आहे. त्यावर उभे राहून जवळच्या खांबांकडे पाहिले की चार ओळींची एकच ओळ होते, मागचे तीनही खांब पुढच्याआड पुरते लपतात. एक पाऊल बाजूला सरकताच ते पुन्हा डोकावू लागतात. हे नेमके साधावे म्हणून बाहेरच्या ओळींतील खांब आतल्यांहून थोडे जाड घडवले आहेत.

घुमटाचे छायाचित्र मात्र चौकातून घेऊ नये. वास्तुकार मादेर्नोने इमारत पुढे वाढवून रुंद दर्शनी भिंत उभारल्याने जवळून घुमट बराचसा झाकला जातो. समोरच्या विया देल्ला कोंचिलियात्सिओने या रस्त्याने नदीच्या दिशेने काही अंतर चालत जावे, म्हणजे तो हळूहळू वर येतो. त्याआधी चौकालगतच्या व्हॅटिकन टपाल कार्यालयातून पत्र पाठवायचे असेल, तर ते तेथीलच पेटीत टाकावे, कारण व्हॅटिकनचे तिकीट इटलीच्या टपालपेटीत चालत नाही.